व्रणापाशी आल्यावर

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपतात, केस पुन्हा उगवतात, घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि नेमकी तेव्हाच अनेकींची झोप उडते. मॅमोग्राफीची तारीख जवळ आली की काखेतली साधी कळही ‘परत आला का?’ असं वाटायला लावते.

अशा वेळी माइंडफुलनेसचा, म्हणजे सजगतेचा सराव आधार देतो. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा अभ्यासक्रम सुरू केला. तो आठ आठवड्यांचा असतो. त्यातला एक सराव असा: उताणं पडून पायाच्या बोटांपासून लक्ष सावकाश वर आणायचं. मुंग्या, ऊब, बधिरपणा, जे जाणवेल ते फक्त नोंदवायचं. शस्त्रक्रियेच्या व्रणापाशी रडू फुटू शकतं. फुटू द्यावं. नकोसं झालं तर लक्ष तळपायांकडे न्यावं. व्रणाचा भाग वगळला तरी चालतो. हात सुजलेला असेल तर उशीवर ठेवावा.

‘पॉझिटिव्ह राहा’ या सल्ल्याचं ओझं इथे नसतं, हे मला फार मोलाचं वाटतं. भीती वाटते आहे, एवढं मान्य करणं पुरतं.

वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यानुसार अशा अभ्यासक्रमानंतर चिंता आणि नैराश्य थोडं कमी होतं, झोप किंचित सुधारते. दोन वर्षांनी मात्र फारसा फरक उरत नाही. गाठीवरचा उपचार हा नव्हे, त्यामुळे केमो किंवा गोळ्या थांबवू नयेत. उदासी आठवडेच्या आठवडे हटली नाही, जगणं नको वाटू लागलं, तर लगेच डॉक्टरांना सांगावं.