कार्लाइलचा क्वार्टरबॅक

जिम थॉर्प आपल्याकडच्या क्रीडारसिकांना ठाऊक आहे तो १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमुळे. पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची सुवर्णपदकं त्यानं जिंकली आणि पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याच्या कारणावरून पुढच्याच वर्षी ती काढून घेण्यात आली. कित्येक वर्षं मीही थॉर्पच्याच नादात होतो. पण स्टॉकहोमहून परतल्यावर तो ज्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळला, त्या कार्लाइलविषयी वाचत गेलो आणि मन गुंतलं ते त्याच्या खोलीत राहणाऱ्या गस वेल्चमध्ये. ओजिब्वे जमातीचा, क्षयानं घरची माणसं गेल्यावर आजीनं वाढवलेला हा पोरगा.

कार्लाइल खरं तर कॉलेज नव्हतंच. पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या लष्करी बराकींत कॅप्टन रिचर्ड प्रॅट यांनी १८७९ साली आदिवासी मुलांसाठी काढलेली ती सरकारी निवासी शाळा. मूल आलं की त्याचे केस कापायचे, नाव बदलायचं, घरची भाषा बोलू द्यायची नाही. घरी परत न गेलेल्या मुलांची दीडशेहून अधिक थडगी तिथे होती. त्यांतल्या काहींचे अवशेष २०१७पासून त्यांच्या लोकांकडे सोपवले जात आहेत. या शाळेचा संघ हार्वर्डसारख्या विद्यापीठांना भिडायचा, आणि बहुतेक सामने परगावी, कारण तिकिटाचा पैसा तिकडेच होता.

१९१२चा हंगाम म्हणजे चौदा सामने, बारा विजय, एक बरोबरी, एक हार. थांबायचं ते ९ नोव्हेंबरला, वेस्ट पॉइंटवर. समोर लष्करी अकादमीचे कॅडेट, त्यांत ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण. याच लष्करानं वूंडेड नी इथे केलेल्या आदिवासींच्या हत्याकांडाला अजून बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांनी दोन खेळाडू दोन्ही टोकांना सरकवून उभे करण्याची रचना बसवली होती. चेंडू कुणाकडे जाणार याचा समोरच्यांना थांगच लागायचा नाही. मैदानात डाव पुकारायचा तो क्वार्टरबॅकनं, म्हणजे वेल्चनं. कॅडेट थॉर्पवर तुटून पडायचे आणि ॲलेक्स अर्कासा भलतीकडून घुसायचा. तीन टचडाउन एकट्या अर्कासाचे. जो गायॉनवर हात टाकल्याबद्दल लष्कराच्या कप्तानालाच बाहेर काढलं गेलं. निकाल २७-६. आठवड्याभरानं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं ३४-२६ असं हरवलं, तो एकुलता एक पराभव.

क्रीडालेखक इथे थांबतात. माझ्या मते या संघाची खरी हिंमत दिसली ती १९१४च्या सुरुवातीला. वेल्चनं पुढाकार घेऊन शाळेच्या चौकशीसाठी अर्ज केला. त्यावर २७६ विद्यार्थ्यांच्या सह्या होत्या. ज्यांना घरी जायला भाडं नव्हतं, ज्यांचं जेवणखाण अधीक्षकांच्या हातात होतं, त्या मुलांच्या या सह्या. फेब्रुवारीत अमेरिकन काँग्रेसची संयुक्त समिती कार्लाइलला आली. त्या साक्षी छापलेल्या आहेत आणि वाचताना अंगावर काटा येतो. अपुरं जेवण, मारहाण, फुटबॉलच्या फंडाचा गैरवापर. वॉर्नर शिवीगाळ करतात, मुलांवर हात उगारतात, हॉटेलांत बसून सामन्याची तिकिटं विकतात, असं खेळाडूंनीच सांगितलं. वेल्चची साक्ष मला विलक्षण वाटते: प्रशिक्षक म्हणून वॉर्नर उत्तम, हे मान्य करून तो त्यांच्या नीतिमत्तेवर बोट ठेवतो. ज्या माणसानं आपल्याला देशभर नाव मिळवून दिलं, त्याच्याविरुद्ध तोंडावर बोलायला किती बळ लागलं असेल!

हे वाचताना मला २०१८च्या जुलैत पुण्याहून नाशिककडे पायी निघालेली आपली आदिवासी मुलं आठवली. वसतिगृहाची खानावळ बंद करून खात्यावर पैसे टाकू नका, एवढीच त्यांची मागणी. सरकारच्या छपराखाली राहणाऱ्या पोरानं ताटाबद्दल तक्रार केली की त्याला कृतघ्न ठरवणारे सगळीकडे भेटतात.

चौकशीनंतर अधीक्षक मोझेस फ्रिडमन यांना जावं लागलं. १९१४च्या हंगामात संघाला फक्त पाच सामने जिंकता आले आणि वॉर्नर पिट्सबर्गला गेले. १९१८मध्ये शाळाच बंद झाली. बराकी पुन्हा लष्कराकडे. वेल्च कायदा शिकला, पहिल्या महायुद्धात गेला, मग वॉशिंग्टन स्टेट कॉलेजचा आणि पुढे हॅस्केल या आदिवासी संस्थेचा प्रशिक्षक झाला. अमेरिकेतल्या लहान मुलांची सर्वांत मोठी फुटबॉल संघटना मात्र आजही पॉप वॉर्नर यांच्या नावानं चालते, आणि हे मला मुळीच पटत नाही.