बिनभिंतीच्या वाघिणी

फाटक बंद असते. मालगाडी संथपणे पुढून जात असते आणि मुले डबे मोजीत असतात. कोळशाच्या वाघिणी जातात, तेलाच्या टाक्या जातात, आणि मध्येच अशी एक वाघीण येते, की जिला ना भिंती, ना छप्पर. चाकांवर ठेवलेला नुसता पाट! पाहणाऱ्याला वाटते, ही बिचारी गाडीतली गरीब बहीण. पण सर्वांत अवघड ओझी वाहायची असतात ती हिलाच.

अशा ओझ्यांच्या अडचणी दोन. पहिली वजनाची. रूळ किती भार सोसतील हे आसागणिक ठरलेले असते. आपल्या ब्रॉडगेजवर पुष्कळ वर्षे एका आसाला २०.३२ टन असा हिशेब होता. म्हणजे चार आसांची वाघीण मालासकट सुमारे ८१ टनांची. ओझे याहून जड असले, की आस वाढवायचे.

दुसरी अडचण उंचीची. पाटावर अवाढव्य ट्रान्सफॉर्मर चढवला आणि वाटेत त्याचे डोके बोगद्याला लागले तर? यावर तोड निघाली ती अशी : चाकांवरचा भाग उंचच ठेवायचा आणि मधला पाट खाली रुळांजवळ उतरवायचा. ही 'वेल वॅगन', म्हणजे विहिरीची वाघीण! कंटेनर वाहणाऱ्या आपल्याकडच्या वाघिणींत निराळीच युक्ती केली. नेहमीचे चाक १ मीटर व्यासाचे. ते ८४० मिलिमीटरचे केले. चाक लहान झाले, पाट खाली आला.

आणि ओझे याहूनही प्रचंड असले तर? तर पाटच काढून टाकायचा! जर्मन भाषेत 'श्नाबेल' म्हणजे चोच. या जातीच्या वाघिणीचे दोन भाग असतात. दोघींच्या चोची ओझ्याला दोन्हीकडून धरतात आणि ते अधांतरी उचलून नेतात. ओझे हाच गाडीचा मधला भाग! अमेरिकेतल्या अशा एका वाघिणीला ३६ आस आहेत. माल उतरला, की चोचीला चोच जोडायची आणि रिकामे घरी परतायचे.

पण या पाटाची खरी आपुलकीची कामगिरी पाहायची, तर आपल्या कोकणात चला. १९९९ साली कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा अशी 'रो-रो' सेवा सुरू केली. मालाने भरलेले ट्रक उतरणीच्या धक्क्यावरून सपाट वाघिणींवर चढतात आणि एकामागून एक पुढे सरकत उभे राहतात. माल किती उंच भरला आहे, हे आधी मोजावे लागते, कारण बोगदे इथेही आहेतच. मग चाकांना अटकाव लावला, साखळ्या आवळल्या, की गाडी निघाली!

कशेडी आणि परशुराम घाटांची वळणे ज्याने भर पावसाळी रात्री, लाल दिव्यांच्या रांगेत, घामाघूम होऊन काढली आहेत, त्यालाच याचे मोल कळेल. डिझेल वाचते, टायर वाचतात, हे तर खरेच. पण ड्रायव्हर आणि क्लीनर आपल्याच केबिनमध्ये बसून जातात. हातात स्टिअरिंग नाही, समोरून येणाऱ्या गाडीची धास्ती नाही. पाय पसरावेत, डबा उघडावा, डोळा लागला तर लागू द्यावा.

तेव्हा पुढच्या खेपेस फाटकाशी ती बिनभिंतीची वाघीण रिकामी जाताना दिसली, तर तिला गरीब समजू नका. ती कुणाचे तरी ओझे उतरवून परत चाललेली असते.