आमेन : मागणाऱ्याने म्हणायचा शब्द

गेल्या नाताळात शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाने आम्हाला जेवायला बोलावले होते. आमच्या बालाघाटात मराठी, हिंदी, पोवारी एकाच गल्लीत कानी पडतात. या घरात कन्नडही आहे, कारण सूनबाई धारवाडच्या. जेवणाआधी आजींनी मराठीत प्रार्थना केली, मग सूनबाईंनी कन्नडमध्ये. हिंदी शाळेत जाणारी नातवंडे हात जोडून उभी होती. दोन्ही वेळा शेवटी सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द आला, ‘आमेन’.

धाकट्याने विचारले, “आजी, आमेन म्हणजे काय गं?”

“तथास्तु, बाळा,” आजी म्हणाल्या. सूनबाईंनी पुस्ती जोडली, “हागेये आगलि.”

उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. आपल्याकडे ‘तथास्तु’ म्हणतो तो देणारा. देव वर देताना तथास्तु म्हणतो. घरात अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ‘आमेन’ मात्र मागणाऱ्याने म्हणायचे असते.

हा शब्द मूळ हिब्रू. त्याच्या धातूत पक्के, विश्वासार्ह असा भाव आहे. हिब्रूची बहीण असलेल्या अरबीतही हाच धातू आहे. त्यातूनच आलेले ‘इमान’ आणि ‘अमानत’ आपण रोज वापरतो. मुसलमान बांधवांचा ‘आमीन’ आणि कोकणातल्या बेने इस्रायलांचा ‘आमेन’ ही याच घरातली भावंडे. म्हणजे आमेन म्हणणारा नुसते ‘असे होवो’ म्हणत नाही. ‘हे खरे आहे, मी याला इमानाने बांधलेला आहे’ असेही तो म्हणतो.

बायबलच्या अनुवाद या ग्रंथाच्या 27व्या अध्यायात याचा कडक नमुना आहे. आंधळ्याची वाट चुकवणारा, परक्याचा, अनाथाचा, विधवेचा न्याय बिघडवणारा, अशांवर एकेक शाप उच्चारला जातो आणि प्रत्येक शापानंतर सर्व लोकांनी आमेन म्हणायचे असते, एकूण 12 वेळा. हे काही मागणे नव्हे. ‘मी असे वागलो तर हा शाप मलाही लागो’ अशी ती कबुली आहे.

येशू तर हा शब्द बोलण्याच्या आरंभी वापरत असे. मराठी बायबलात तिथे ‘खचित’ येतो, कन्नडमध्ये ‘निजनिजवागि’. मराठीत ‘निज’ म्हणजे आपले स्वतःचे, कन्नडमध्ये ‘निज’ म्हणजे खरे. दुभाषी घरांनी हे दोन्ही अर्थ शेजारी ठेवावेत. खरे आणि आपले, आमेनमध्ये दोन्ही आहे.

संत पौलाने करिंथकरांना विचारले होते की, ज्याला प्रार्थनेची भाषाच कळत नाही तो आमेन कसा म्हणणार? पंडिता रमाबाईंनी हा प्रश्न मनावर घेतला असावा. 1858 साली आजच्या कर्नाटकात, मराठी घरात त्यांचा जन्म झाला. पुढे केडगावात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सामान्य बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या या कामात गढलेल्या होत्या.

आपल्या घरांतली मुले आजीची भाषा अर्धी समजतात, आईची अर्धी. न समजलेल्या प्रार्थनेला आमेन म्हणणे म्हणजे न वाचता कागदावर सही करणे. तेव्हा जेवण दोन मिनिटे निवले तरी चालेल, पण आधी मुलांना सांगावे की आज आपण काय मागितले आणि कशाला बांधले गेलो. मग त्यांना खुशाल मोठ्याने म्हणू द्यावे, आमेन.