पाणी कुठवर आलं?

परभणीहून गंगाखेडकडे निघालं की आधी पिंगळी लागते, मग नृसिंहाची पोखर्णी. पुराची दोन रूपं याच रस्त्याच्या दोन टोकांना. पुढे गंगाखेडला गोदावरीचा पूर येतो तो पार नाशिक-पैठणहून, सांगून-सवरून. मागे परभणी शहरात मात्र ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की पाणी थेट गल्लीत. पहिल्यासाठी निरोप वेळेवर पोचायला हवा, दुसऱ्यासाठी नाले आधीच मोकळे हवेत.

निरोपाच्या बाबतीत नाशिककरांना तोड नाही! गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती ही त्यांची पूरपट्टी. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला भिडलं, एवढं कानावर आलं की काठचा दुकानदार माल हलवायला लागतो. कोल्हापूरकर तसेच राजाराम बंधाऱ्याचे फूट मोजतात: 39 ला इशारा, 43 ला धोका. 2019 मध्ये पंचगंगा तिथे 55 फुटांवर गेली होती. गोदाकाठच्या प्रत्येक गावात अशी सगळ्यांना तोंडपाठ असलेली एक खूण हवी, असं मला मनापासून वाटतं. आकडा विसरतो, मारुतीची कंबर विसरत नाही.

बातम्यांतला ‘क्युसेक’ म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर. ऑगस्ट 2006 मध्ये जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सुटलं होतं. दहा हजार लिटरचे टँकर डोळ्यांपुढे आणा: दर सेकंदाला सातशे टँकर रिकामे!

आता आपल्या घराचं गणित. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीवर त्या दिवशी सहा हजार लिटर पाणी पडतं, आणि गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांची तोंडं एकाच नालीकडे. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला. तेवढ्यात तीच गच्ची जवळजवळ 88 हजार लिटर सोडते.

मराठवाड्याची काळी माती यात भर घालते. उन्हाळ्यात भेगाळलेली असते तेव्हा पहिलं पाणी घटाघट पिते. मग फुगते, भेगा मिटतात आणि पाणी आत जाईनासं होतं. सप्टेंबरमधला पाऊस म्हणूनच जास्त वाहतो.

मग पाणी ठेवायचं कुठे? टोकियोजवळ कासुकाबेला जमिनीखाली अजस्र हौद आहे, 59 खांबांचा, एकेक खांब 18 मीटर उंच. रॉटरडॅममध्ये 2013 पासून एक चौक आहे, जिथे एरवी पोरं बास्केटबॉल खेळतात आणि पावसात त्याचंच तळं होतं. मुंबईने हिंदमाता परिसरात तुंबणारं पाणी वळवायला दादर-परळच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या. आणि आपल्याकडे? परभणी जिल्हा बारवांचा. पिंगळीला पिंगळेश्वराची बारव, सेलू तालुक्यात वालूरला गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची. अशा कितीतरी बारवा कचऱ्याने बुजल्या होत्या; वालूरची गावकऱ्यांनी कष्टाने मोकळी केली. बारवेने शहराचा पूर थांबत नाही, हे खरं. पण पडलेलं पाणी गावातच मुरवायची तिची रीत नव्या वसाहतींच्या नकाशात यायलाच हवी. बिल्डरने ओढा बुजवायचा आणि नगरपालिकेने मागाहून पंप लावायचे, हा उलटा कारभार झाला.

शेवटचं, फरशी पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकासाठी. वाहतं पाणी घोट्याच्या जरा वर असलं तरी धडधाकट माणसाचे पाय सुटू शकतात. दोन फुटांत बहुतेक मोटारी तरंगायला लागतात. जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर 1077. आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा.