बॉनेटखालची साफसफाई

दसऱ्याला गाडी धुऊन, हार घालून पूजा होते. बॉनेट मात्र क्वचितच कुणी उघडतं. पावसाळ्यानंतर तिथे चिखल, तेलकट थर आणि कधी कधी उंदरांनी ओढून आणलेला कचराही सापडतो.

आधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावं. चालत्या इंजिनातलं कूलंट साधारण 90 अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनाचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण करणारा डबा) आणि हवा आत घेणाऱ्या नळीचं तोंड प्लास्टिकने नीट झाकावं. त्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते हवेसारखं दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

काचेखालच्या जाळीतली पानं हाताने वेचावीत. पाणी वाहून नेणारी छिद्रं त्यांनीच तुंबतात, मग पाणी थेट केबिनमध्ये उतरतं.

तेलकट डागांवर डीग्रीझर मारून मऊ ब्रशने घासावं, ओल्या फडक्याने पुसावं. सर्व्हिस सेंटरसारखा प्रेशर पाइप घरी वापरूच नये. जोराचा फवारा वायरिंगच्या कनेक्टरमध्ये घुसतो. पेट्रोल किंवा रॉकेलने पुसण्याची जुनी सवयही घातक: आगीचा धोका आहेच, शिवाय रबरी होज फुगून खराब होतात.

बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड खायच्या सोड्याच्या पाण्याने निघते. हातमोजे मात्र हवेत, कारण तिच्यात आम्ल असतं.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांना हात न लावता ते काम सर्व्हिस सेंटरवरच सोपवावं.