मुरुडचें माजघर

महर्षि कर्व्यांच्या मुरुडास जुन्या घरांचें माजघर वैशाखांतही गार लागतें. जांभ्याच्या जाड भिंती रात्रीं निवतात व तो गारवा दिवसा धरून ठेवतात. मात्र रात्रीं खिडक्या उघड्या, उन्हें चढलीं कीं बंद, हा नेम हवा. तो मोडल्याबद्दल आम्हीं वडिलधाऱ्यांचीं बोलणीं पुष्कळ खाल्लीं आहेत! पुण्यास एप्रिलांत रात्रीं पारा सरासरी १५ अंशांहून अधिक उतरतो. येथें समुद्रामुळें त्याच्या निम्माही नाहीं, शिवाय हवा दमट. त्यामुळें सांठविलेला गारवा अपुरा पडतो व दुपारीं खाऱ्या वाऱ्यासाठीं पडवींत यावेंच लागतें. तरीही जांभा पाडून वर उघडी स्लॅब घालणें आम्हांस पटत नाहीं. ती दिवसभर तापते, रात्रीं धग खालीं सोडते; मग निजतांना वातानुकूलन यंत्राचें बटण दाबण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं.