न पाहिलेल्या चित्रपटांचा रकाना

१९४४ साली गांधीजींनी दोन चित्रपट पाहिले. मे महिन्यात आगाखान पॅलेसमधून सुटका झाल्यावर ते जुहूला शांतिकुमार मोरारजींकडे विश्रांतीसाठी राहिले होते, तिथे हे दोन खेळ झाले. पहिला हॉलिवूडचा ‘मिशन टू मॉस्को’, दुसरा प्रकाश पिक्चर्सचा ‘रामराज्य’. पहिल्यातले नाच आणि बायकांचे अपुरे कपडे पाहून ते नाराज झाले. दुसऱ्याचे कलादिग्दर्शक कनु देसाई हे त्यांच्या परिचयाचे. विलायती चित्रपट पाहिलात, आता आपलाही एक पाहा, असा त्यांनी आग्रह धरला. विजय भटांचा हा चित्रपट थोडाच वेळ पाहायचा असे ठरले होते, पण गांधीजी ठरल्यापेक्षा बराच जास्त वेळ बसून राहिले. वर्षातला वाईट एक, बरा एक. इतकी आटोपशीर यादी दुसऱ्या कोणाची मला ठाऊक नाही.

मीही अशी यादी करतो. दर दिवाळीला, फराळाचे डबे झाकून झाले की जुनी लांबट वही काढायची आणि वर्षभरात पाहिलेल्या चित्रपटांतले उत्तम कोणते, टाकाऊ कोणते ते लिहायचे, असा माझा पंचवीसेक वर्षांचा नेम आहे. कोणी सांगितले नव्हते, कोणी विचारतही नाही. यंदा संपादकांनी विचारले, आणि मी उत्साहाने यंदाचे पान काढायच्या ऐवजी २०१५चे पान उघडले. दहा वर्षांनी आपला निवाडा कितपत टिकतो ते पाहावे, एवढाच हेतू. तो फारसा टिकला नाही. का टिकला नाही, ते सांगायला गांधीजींकडे परत जावे लागेल.

मी राहतो त्या नालवाडीला गांधीजींच्या काळाचा शेजार आहे. आज ती वर्धा शहराला चिकटून गेली आहे, पण १९३२च्या अखेरीस विनोबा इथे राहायला आले तेव्हा ते मुख्यतः अस्पृश्यांच्या वस्तीचे वेगळे खेडे होते. १९३८ साली प्रकृतीसाठी पवनारला जाईपर्यंत विनोबा इथेच होते. याच गावात गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. मेलेल्या जनावराचे कातडे कमावण्याचे काम आश्रमातल्या माणसाने आपल्या हाताने करायचे, हा त्यातला मुद्दा होता.

आता त्याच वर्षांत पुण्याला आणि मुंबईला काय चालले होते ते पाहा. १९३५ साली प्रभातने संत एकनाथांवर चित्रपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. अस्पृश्याच्या घरी जेवायला जाणारे एकनाथ त्यात आहेत. चित्रपटाचे नाव आधी ‘महात्मा’ होते. सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले, म्हणून ते ‘धर्मात्मा’ करावे लागले. १९३६ला बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ आला, त्याच वर्षी प्रभातचा ‘संत तुकाराम’. म्हणजे नालवाडीत जे हाताने चालले होते, तेच तिकडे पडद्यावर चालले होते. मधले अंतर वर्ध्याहून रात्रीच्या गाडीचे.

पण गांधीजींनी यांतले काही पाहिले नाही. १९२७ साली रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालच्या इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीने त्यांना प्रश्नावली पाठवली, तेव्हा आपण कधीच चित्रपटगृहात गेलो नाही हे त्यांनी प्रामाणिकपणे कळवले, आणि त्याच पत्रात चित्रपटाने केलेले नुकसान बाहेरच्यालाही उघड दिसते, फायदा मात्र अजून सिद्ध व्हायचा आहे, असेही कळवले. १९३८च्या रौप्यमहोत्सवासाठी संदेश मागितला तेव्हा त्यांच्या सचिवांकडून उत्तर गेले की त्यांना या धंद्यात मुळीच रस नाही. हा रौप्यमहोत्सव फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून मोजलेला, ३ मे १९१३पासून. लहानपणी पाहिलेल्या हरिश्चंद्राच्या नाटकाने आपल्या मनावर किती खोल परिणाम केला, हे गांधीजींनी आत्मचरित्रात लिहिले आहे. ज्या कथेने ते घडले, तीच आपल्या चित्रपटाची पहिली कथा. हे त्यांना कोणी सांगितले होते की नाही, कोण जाणे.

ऑक्टोबर १९३९च्या ‘फिल्मइंडिया’त ख्वाजा अहमद अब्बास या पंचविशीतल्या पत्रकाराने गांधीजींना खुले पत्र लिहिले. सिनेमाला जुगार, सट्टा आणि घोड्यांच्या शर्यतींच्या रांगेत बसवल्याचे त्याला दुःख झाले होते. पत्रात त्याने पाहण्याजोग्या चित्रपटांची नावे दिली. ‘संत तुकाराम’ त्यांत होता. उत्तम चित्रपटांच्या याद्या आपल्याकडे पुष्कळ झाल्या, पण ज्याने एकही पाहिलेला नाही अशा माणसासाठी केलेली ही यादी मला सगळ्यांत कळकळीची वाटते.

इथे गांधीजींना दोष द्यावा असे वाचकाला वाटेल. मलाही तरुणपणी वाटायचे. पण त्यांनी एक गोष्ट केली जी आम्ही यादीवाले करत नाही: आपण काय पाहिलेले नाही ते त्यांनी आधी सांगितले. माझ्या वहीत हा रकानाच नव्हता. २०१५ साली मी चाळीसेक चित्रपट पाहिले. देशात त्या काळी वर्षाला दीड हजारांहून अधिक कथाचित्रपटांना प्रमाणपत्र मिळत होते, त्यांत मराठीच शंभरावर. आणि मी वरच्या बाजूला ठसक्यात लिहिले होते, ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट’.

‘वर्ष’ या शब्दाचेही तसेच आहे. राष्ट्रीय पुरस्कारांचे वर्ष सेन्सॉरच्या प्रमाणपत्राच्या तारखेवरून धरतात, प्रेक्षकाचे वर्ष चित्रपट गावात लागला त्या दिवसावरून. चैतन्य ताम्हणेचा ‘कोर्ट’ आणि अविनाश अरुणचा ‘किल्ला’ हे दोन्ही पुरस्कारांच्या हिशेबी २०१४चे. ‘कोर्ट’ला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, ‘किल्ला’ला मराठीतल्या सर्वोत्कृष्टाचा. चित्रपटगृहात मात्र ‘कोर्ट’ १७ एप्रिल २०१५ला आला आणि ‘किल्ला’ जूनच्या अखेरीस. मुंबईचा माणूस आणि वर्ध्याचा माणूस एकाच वर्षाची यादी करत नसतात. माझ्याकडे काही चित्रपट टीव्हीवर लागले त्या वर्षात नोंदलेले आहेत, कारण माझ्यासाठी ते तेव्हाच जन्मले.

आता २०१५चे पान. पहिल्या क्रमांकावर मी ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिला होता. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक, वसंतराव देशपांड्यांनी गाजवलेले. आम्हा वैदर्भीयांचा ऊर तिथेच भरून येतो. सुबोध भावेने तो दिवाळीत आणला, आणि चित्रपटगृहात लोक गाण्यांना वाहवा देत होते. गाणी आजही चांगली वाटतात. पण चित्रपटाने पंडितजींच्या हरण्याला शेंदराचे कारण दिले आहे. एका घराण्यापुढे दुसऱ्याने का हरावे, हा गाण्याचा प्रश्न असतो. शेंदूर आला की तो पोलीस ठाण्याचा होतो. तेव्हा हे मला दिसले नाही, कारण मी कानांनीच पाहत होतो.

‘कोर्ट’ला मी चौथा क्रमांक दिला होता. पुढे कंसात शेरा आहे: ‘संथ’. हा शेरा वाचून मला या दिवाळीत खरेच लाज वाटली. तो चित्रपट मी नागपूरला दुपारच्या खेळाला पाहिला, जेमतेम वीस माणसे असतील. शाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला आहे: त्यांच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. कॅमेरा एका जागी उभा राहतो आणि तारीख पडते, पुन्हा तारीख पडते. शेवटी कोर्टाच्या खोलीतले दिवे एकेक करून बंद होतात. आमच्या खेळाला तिथेच चार-पाच जण उठून निघाले, संपला असे समजून. पण चित्रपट पुढे जातो, न्यायाधीशांच्या सुटीतल्या सहलीपर्यंत. जे निघाले त्यांनी तो अर्धवट पाहिला आणि मी बसून राहूनही अर्धवटच पाहिला. संथ चित्रपट नव्हता, खटला होता. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील दिवसभर कायद्याची कलमे वाचते आणि संध्याकाळी लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. ती दुष्ट नाही, हेच त्यात भयंकर आहे.

नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार आमच्या नागपूरचे, चळवळीतले कार्यकर्ते. एप्रिल २०२१मध्ये करोनाने गेले. त्या आठवड्यात मी ‘कोर्ट’ दुसऱ्यांदा पाहिला आणि तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, ती कदाचित अभ्यासकांना आधीच सुचली असेल. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात ‘संत तुकाराम’ गौरवला गेला. २०१४ साली त्याच महोत्सवात ‘कोर्ट’ला ओरिझोन्ती विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणाचा असे दोन पुरस्कार मिळाले. दोन्ही मराठी, मधे सत्त्याहत्तर वर्षे. आणि दोन्हींत गोष्ट एकच आहे: एक माणूस गाणी रचतो, ती लोकांच्या तोंडी बसतात, आणि ज्यांच्या हाती अधिकार आहे ते त्या शब्दांवर खटला भरतात. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवायला लावतात, कांबळ्यांना तुरुंगात टाकतात. दामले-फत्तेलालांच्या चित्रपटात गाथा वर येते, ताम्हणेच्या चित्रपटात काहीच वर येत नाही.

गाण्यांबद्दलही एक सांगण्यासारखे आहे. ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवल्यांनी रचलेला एक अभंग लोकांना तुकोबांचाच वाटला, अजूनही वाटतो. ‘कोर्ट’साठी संभाजी भगतांनी दिलेली गाणीही तशीच वाटतात, चित्रपटासाठी केलेली न वाटता आधीपासून कुठल्या तरी वस्तीत गायली जात असावीत अशी. माझ्या वहीत आता ‘कोर्ट’ पहिला आहे. शाईचा रंग वेगळा आहे, जुना क्रमांक खोडलेला दिसतो; तो तसाच ठेवला आहे.

‘किल्ला’ दुसरा होता, दुसराच राहिला. त्याबद्दल अधिक लिहीत नाही, कारण वडील गमावलेल्या मुलाची बदलीच्या गावातली पावसाळी एकटी दुपार ज्याने भोगली आहे त्याला सांगावे लागत नाही. ‘ख्वाडा’ पानावर नव्हताच. धनगरांच्या भटक्या कुटुंबावरचा भाऊराव कऱ्हाडेंचा हा चित्रपट ऑक्टोबरात प्रदर्शित झाला, आणि मी तो पुढे दोन वर्षांनी पाहिला. जमीन विकून ज्याने चित्रपट काढला त्याला माझ्या ‘सर्वोत्कृष्ट’च्या यादीत जागा मिळाली नाही, याचे कारण इतकेच की त्या आठवड्यात मी गावी नव्हतो.

टाकाऊच्या बाजूला ‘दिलवाले’ होता आणि तिथून तो हलणार नाही. शाहरुख आणि काजोल एकत्र, हाताशी पैसा, वेळ, देखणी ठिकाणे, आणि अडीच तासांत एका प्रसंगातही कोणाला काही सांगायचे आहे असे वाटत नाही. माझ्या मते वाईट चित्रपट तोच, ज्याला सारे मिळाले आणि ज्याने काहीच केले नाही. गरिबीत फसलेल्या प्रयत्नाला त्या रकान्यात घालू नये.

हे तत्त्व मी आज सांगतो. २०१५ला मी ते पाळले नव्हते. त्या रकान्यात दुसरे नाव एका लहानशा मराठी चित्रपटाचे आहे, नवख्या मंडळींनी काढलेल्या. नाव देत नाही. शेरा असा: ‘छायाचित्रण निकृष्ट, रात्रीचे प्रसंग दिसतच नाहीत.’ मी तो शेरा मित्रांत वाचून दाखवला होता, एका छोट्या पत्रकात छापूनही दिला होता. टाळेबंदीच्या काळात तोच चित्रपट पुतण्याच्या मोबाइलवर पाहिला. रात्रीचे प्रसंग स्वच्छ दिसत होते. कंदिलाच्या उजेडात म्हातारीचा अर्धाच चेहरा दिसावा, अशी योजना होती, आणि ती सुंदर होती. मी ज्या पडद्यावर तो पाहिला होता, तिथला प्रोजेक्टरचा दिवा अगदी मंद झाला होता. तिथे त्या वर्षी पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटापुढे माझ्या वहीत ‘अंधारा’ हा शब्द आहे. पाने उलटून पाहिली तेव्हा हे कळले.

त्या मंडळींनी पुढे दुसरा चित्रपट काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. माझ्या पत्रकाने त्यांचे काही बिघडले असेल असा माझा समज नाही, ते वाचले किती जणांनी! तरी दुरुस्ती छापावी म्हणून मी पत्रक शोधले, तर ते केव्हाच बंद पडले होते. म्हणून ती इथे देतो: छायाचित्रण चांगले होते.

त्यानंतर वहीत मी दोन रकाने वाढवले. एकात चित्रपट कुठे पाहिला, कसा दिसला, कसा ऐकू आला. दुसऱ्यात पाहायचा राहून गेलेल्यांची नावे. हा दुसरा रकाना दरवर्षी पहिल्या सगळ्यांहून लांब होतो. २०१५च्या पानाला तो मागाहून जोडला, वेगळा कागद चिकटवून. त्यावर सव्वीस नावे होती. गेल्या दहा वर्षांत अकरा खोडली.